डाव्या घडीचा दिवा

प्रिय ऋता,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून हा कागद. एकताच्या हातात देणार आहे. एकाच फ्लॅटमध्ये राहता, तेव्हा मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. सकाळपासून कितीदा लिहायला बसले आणि दरवेळी उठून ओटा पुसला. आता तो पुसण्यासारखा राहिलेला नाही.

तू तिकडे हौगांगला राहायला गेल्यापासून वुडलँड्सचं हे घर मला खायला उठतं. बँकेतली नोकरी सोडून जपानी घड्यांचे, तुकड्यात तुकडा अडकवलेले कागदी दिवे करायचं ठरवलंस, तेव्हा बाबा जे बोलले ते मला आवडलं नव्हतं. तू दार आपटून गेलीस, तेही नाही. जेवणाच्या टेबलावर टांगलेला तुझा अर्धा दिवा मात्र तसाच आहे. एका बाजूला भगदाड, आणि त्यातून बल्ब थेट बाबांच्या डोळ्यांत. मी म्हटलं, काढून ठेवूया. तर म्हणाले, राहू दे, ताट दिसतंय की.

परवा मार्केटमधून लवकर परतले. बाबा त्याच टेबलाशी, ऑफिसच्या कपड्यांत, टायसुद्धा न सोडता. मला पाहून पटकन पेपर पसरला, पण खालून कागदाच्या घड्या डोकावत होत्या. मग कबूल केलं. तुझ्या दिव्याचे राहिलेले तुकडे घड्या घालून बनवतायत म्हणे, व्हिडिओ बघून बघून. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून येताना एमआरटीच्या डब्यातसुद्धा! घड्या अशा काटेकोर की तुलाही नावं ठेवता येणार नाहीत. पण एकही तुकडा तुझ्या तुकड्यांत अडकेना. जे टोक खाचेत जायचं, ते नेमकं उलट्या बाजूला येतं. मी म्हटलं, थोडा गोंद लावा. केवढे चिडले! गोंद लावला तर तो ऋताचा दिवा कसला, म्हणाले. तेव्हापासून धड जेवत नाहीत, टीव्ही लावतात आणि बंद करतात.

मलाही चैन नाही. काल त्यांचा एक तुकडा हातात घेऊन घरभर फिरत होते, आणि बेसिनच्या आरशात सहज नजर गेली. आरशात तुझा तुकडा होता, अगदी हुबेहूब! तू डावखुरी. तुझी प्रत्येक घडी उलट्या बाजूने पडते, हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नाही. आणि गंमत बघ, शाळेत टीचर तुझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायच्या, तेव्हा ऑफिस बुडवून भांडायला गेले होते ते बाबाच.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आपल्या हातालाच जमत नाही, असं धरून बसलेत. आज सकाळी म्हणाले, रविवारी दिवा उतरवतो आणि खोक्यात घालून तिच्याकडे पोचवतो; तिची वस्तू तिच्याकडे. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. ऋता, तो दिवा एकदा खोक्यात गेला की तुम्ही दोघं पुन्हा बोलणारच नाही, अशी मला धास्ती वाटते. आरसा काय, मीही दाखवीन. पण तुमच्या घड्या चुकल्या नाहीत बाबा, हे त्यांना तुझ्या तोंडून कळायला हवं. त्यासाठीच लिहायला बसले. शनिवारी ये. कागद आणू नकोस, त्यांनी ढीगभर आणून ठेवलाय.

पुन्हा ओटा पुसायला निघालेली,
तुझीच
आई