एकाच नंबरची माणसं

मंगळवार, संध्याकाळ. बारामती.

सर्व्हेसाठी वरकुट्याला जाऊन आले. मन अजून तिथंच आहे.

कोविड तपासणीची जुनी यादी मीच गेल्या महिन्यात साफ केली होती. मोबाईल नंबर पुन्हा आला की नोंद दुबार समजायची, पहिली ठेवायची आणि बाकीच्या काढून टाकायच्या. नियम माझाच. वरकुट्याच्या यादीत एकच नंबर पानभर होता. तेव्हा मी नावं वाचली का? नाही वाचली.

आज कळलं, तो नंबर दूध संकलन केंद्रावरच्या तात्यांचा. म्हणाले, "रेंज हितंच यायची, म्हणून समद्यांनी माझाच नंबर दिला. रिपोर्ट आला की दूध घालायला आलेल्याला मी लांबूनच सांगायचो."

म्हणजे अख्खी वस्ती माझ्या हिशेबी एक माणूस.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "आमच्या मंडळीचं नाव हाय न्हवं त्यात? दुसऱ्या लाटंत गेली ती."

मी हो म्हणाले. यादी न बघताच. का म्हणाले, कोण जाणे.

घरी येऊन पर्ससुद्धा न ठेवता मूळ फाईल उघडली. तोच नंबर. पहिलं नाव तात्यांचं, ते मी ठेवलेलं. दुसरं त्यांच्या बायकोचं. ते मी काढलेलं.

एकेक नाव वाचत सगळ्या नोंदी परत घातल्या. उद्या ऑफिसात मॅडमना सांगावं लागेल की या यादीवरून केलेल्या अहवालातले आकडे चुकलेत. सांगेन.

तात्यांना दिलेलं उत्तर आता खरं आहे. दुपारी नव्हतं.