राहिलेलं तिसरं वर्ष

१४ मे
आज आम्हा प्राध्यापकांना प्रवेशाच्या प्रचारासाठी गावं वाटून दिली. माझ्या वाट्याला तारकर्ली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्र घेणारी दहा तरी मुलं हवीत, नाहीतर विषय बंद." यादीत सहा आहेत. पूर्वी पालक प्रवेशासाठी आमच्या दारात उभे असायचे, आता आम्ही पत्रकं घेऊन त्यांच्या अंगणात. मला निवृत्तीला तीन वर्षं. माझ्या जागेवर कायमचं कुणी येणार नाही. तासिकेवर एखादी पोरगी येईल, तीही विषय उरला तर.

१६ मे
तारकर्ली. पर्यटकांना खोल्या देणारं घर. मुलगी मनाली, बारावी सायन्स, मार्क चांगले. ती मोबाइलमध्ये, बोलत होते वडील.
"हयसर शिकान करतली काय? गोव्याक हॉटेलाचो कोर्स करांदे."
मी नेहमीचं सुरू केलं. जवळचं कॉलेज, घरचं जेवण, पाया पक्का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "तुमचो झील खंय शिकता?"
मुलगा पुण्याला, म्हटलं. पत्रक तिथेच ठेवून उठले.
निघाले तर मघाशी चहा देऊन गेलेली बाई फाटकापर्यंत आली. "मॅडम, वळाखलात काय माका? तुमच्या वर्गात होतंय मी. नूतन." मनालीची आई. हो हो, म्हटलं. साफ खोटं. तासभर बसले होते, कप घेताना वर बघितलंसुद्धा नव्हतं.

१८ मे, रविवार
चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. नूतन आठवली. दुसऱ्या वर्षाला होती. ओहोटीला वर्ग खडकांवर न्यायचे मी. बाकीच्या पोरी ओढण्या सावरत काठावर, आणि ही कपारीत हात घालून खेकडा, तिच्या भाषेत कुर्ली, काढायची नि माझ्या हातात ठेवायची. मी पुस्तकात शास्त्रीय नाव शोधेपर्यंत ही, कुर्ली कुठे राहते, अंडी कधी धरते, सगळं सांगून मोकळी.
वर्ग भरलेला असायचा तेव्हा. त्या वर्गाची फार आठवण येते. या वयातही ती भूक जात नाही.
आणखी एक आठवलं. परीक्षा झाल्यावर लगेच तिचं लग्न. मी गेले होते. आहेर केला, जेवले. तिसऱ्या वर्षाचं काय, हे ना तिला विचारलं, ना तिच्या वडिलांना.

२१ मे
नूतनचा फोन. मनालीचं गोव्याचं पक्कं झालं. मग आवाज बारीक करून,
"मॅडम, माजां तिसरां वरस आता होतलां काय?"
नवऱ्याला विचारलंस का? "त्येंका सांगूक नाय अजून."
नवीन शैक्षणिक धोरणाच्या सभेत मी मागे बसून कुरकुरत होते. कागद वाढले, शिकवणं कमी झालं, हे माझं मत आजही तेच. पण त्यात म्हटलंय, सोडलेलं शिक्षण पुढे केव्हाही सुरू करता येईल. एवढं एक खरं निघालं तर बाकी सगळं माफ.

२६ मे
आधी आमचं कार्यालय, मग विद्यापीठाला फोन. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी उत्तर मिळालं. तिचा जुना अभ्यासक्रम आताच्या श्रेयांकांत बसत नाही. पुन्हा पहिल्यापासून.
प्राचार्य खूश. "मग घ्या की पहिल्या वर्षाला. एक नाव वाढलं."
यादीत आता आठ झालेत. तिच्यासह नऊ.
मलाही क्षणभर बरं वाटलं, याची लाज वाटते. मला तिचं शिक्षण पुरं व्हायला हवंय, की माझा विषय टिकायला? दोन्ही, असं लिहिणार होते, पण…

२९ मे
अर्ज घेऊन तारकर्लीला. पडवीत ती एकटीच, खोल्यांच्या चादरींच्या घड्या घालत. सगळं सांगितलं. विषय बंद पडतोय, मला नावं हवीत, हेही.
"म्हणजे परत पयल्यापासून. मनालीच्या वयाच्या पोरींवांगडा."
हो, म्हटलं.
दोन चादरी झाल्या. मग माझ्याकडे न बघता, "लग्नाक इलात तेव्हा तुमी काय इचारूक नाय. इचारला असतात तर बापाशीन तुमचां आयकल्यान असता."
चुकलं माझं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
तिने अर्ज घेतला, वाचायला लागली. तेवढ्यात नवऱ्याची मोटरसायकल अंगणात. तिने अर्ज चादरीच्या घडीत सरकवला.
"मॅडम, परत इलात? पोरगी तर गोव्याक चल्ली."
नूतन माझ्याकडे बघत होती. आता मी सांगेन, असं तिला वाटलं असणार.
काही नाही, इकडून जात होते, असं म्हणून मी स्कूटर सुरू केली. अर्ज भरायला शनिवारपर्यंत मुदत आहे.