पट्टा बंद

बाबा, मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला धड सांगायचं राहूनच गेलं. भुलीची डॉक्टर झाले एवढं तुम्हाला कळलं होतं, आणि तेवढ्यावर तुम्ही अकोटभर सांगत फिरायचात, "माही पोरगी लोकायले झोपवते." ऐकणारा हसला की लगेच जोडायचात, "अन् उठवते बी!" त्या 'उठवते बी'चा तुमचा तोरा मला फार आवडायचा.

आता ऐका, आणि चिडू नका. घशातली गाठ आम्ही आता लेझरने काढतो. पेशंट झोपलेला असतो आणि त्याचा श्वास मी त्याच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून चालतो. त्या नळीत ऑक्सिजन, आणि तिच्या अगदी अंगाला लागून सर्जन लेझर मारतो. किरण चुकून नळीला लागला तर आतल्या आत भडका! म्हणून धातूचं आवरण असलेली नळी घ्यायची, ऑक्सिजन भागेल इतकाच ठेवायचा, आणि नळीच्या टोकाशी ऑक्सिजन वर येऊ न देणारा जो छोटा फुगा असतो त्यात हवेऐवजी निळं पाणी भरायचं. फुगा फुटला तर निळं दिसतं, लगेच कळतं. त्या फुग्यावर झाकायला काय ठेवतात माहीत आहे? कापूस. ओल्या कापसाच्या पट्ट्या. कापूस आणि आग, जन्मभर तुम्ही ज्या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवल्यात, त्या मी माणसाच्या घशात शेजारी-शेजारी ठेवते, बाबा. फक्त कापूस ओला आहे ना, हे सारखं विचारत राहते. सिस्टर वैतागते, "मॅडम, आत्ताच तं भिजवला!" मी म्हणते, अजून भिजव. शेवटी तुमचीच पोरगी.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये तुम्ही फिटर होतात, पण फाटकात खिसे तपासायचं काम कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. आगपेटी नाही, बिडी नाही, काही सुटायचं नाही. मला पाहायला आलेल्या पाहुण्यांना हौसेने जिनिंग दाखवायला नेलंत आणि होणाऱ्या जावयाचेच खिसे उलटे केलेत! सिगारेटचं पाकीट निघालं. ते तुम्ही खिडकीत ठेवलंत आणि म्हणालात, "जाताना घेऊन जा." कळल्यावर आई डोक्याला हात लावून बसली. हे अजून आमच्या पोरांना सांगतात, तुमच्या आजोबांनी आधी झडती घेतली, मग मुलगी दिली.

आणि तो डब्याचा दिवस. मी तेव्हा शाळेत असेन. आईने हातात डबा दिलाय, मी जिनिंगच्या दारात उभी आहे, केसांवर, परकरावर कापसाच्या रुईचे तंतू बसतायत. यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मी झाकण जरा उघडून आत काय आहे ते बघते, तेवढ्यात लांब यंत्रापाशी वाकलेले तुम्ही मान वर करता, नाक फुगवता आणि ओरडता, "पट्टा बंद!" यंत्रं फिरवणारा मोठा पट्टा थांबतो, एकेक करून सगळी यंत्रं थांबतात. माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात, तुम्ही वास घेत घेत माझ्यापर्यंत येता आणि डब्यात बघता. भाजलेल्या वांग्याचं भरीत! अख्खं जिनिंग हसून हसून लोळलं. मालक धावत आले, "एका वांग्यापायी जिन बंद केलं तुमी?" तुम्ही तेल लागलेले हात पुसत म्हणालात, "हो मालक. वास आला तं पयले पट्टा बंद, मंग इच्यारपूस. उद्या बी करीन." मला वाटलं आता नोकरी जाते. तुम्ही मात्र तिथेच पोत्यावर बसून ते भरीत चाटूनपुसून खाल्लंत. पुढे कितीतरी दिवस लोक विचारायचे, "फिटरभाऊ, आज काय, भरीत काय?" आईने पुन्हा डब्यात भरीत दिलं नाही ते नाहीच.

मध्यंतरी इथे अमरावतीला एक पेशंट आला, आपल्याच अकोटचा. बाजारात हर्रास पुकारणारा, लिलावाच्या बोल्या ओरडून सांगणारा. आवाजाच्या पडद्यावर गाठ, घशातून नुसती फसफस. टेबलावर झोपायच्या आधी माझा हात धरून म्हणाला, "मॅडम, आवाज गेला तं मले कोन इच्यारते? घरी तिघं हायेत खानारे." मी म्हटलं, भाऊ, मी बसून आहे ना.

सर्जन हुशार आहे, पुण्याहून शिकून आलेला. त्याचा पाय लेझरच्या पेडलवर, डोळे मायक्रोस्कोपला. मी समोरच्या स्क्रीनवर कापूस बघत होते. पांढरा कापूस. आणि एकदम त्याच्या कडेला निळी छटा. फुगा फुटला होता! ऑक्सिजन आता वर, लेझरच्या तोंडाशी येणार. अशा वेळी "लेझर थांबवा" म्हणायचं असतं, आम्ही तसं ठरवलेलं असतं. माझ्या तोंडून काय निघावं? "पट्टा बंद!" तेही असं खणखणीत, की सिस्टरच्या हातातली वाटी पडली.

सर्जनचा पाय पेडलवरून उचलला गेला. शब्द कळला नाही, पण आवाज कळला. मग विचारतो, "कुठला पट्टा, मॅडम?" मी म्हटलं, नंतर सांगते, आधी नळी बदलू. ऑक्सिजन तोडला, घशात सलाइन ओतलं, नळी बदलली. आत कुठे भाजलं नव्हतं. उरलेली गाठ त्याने निवांत काढली.

काही दिवस पेशंटला गप्प राहायला सांगितलं होतं. तपासायला आला तेव्हा बायकोच हसत म्हणाली, "अजून थोडे दिवस वाढवून द्या न मॅडम, घर कसं शांत हाय!" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बोलू काय?" घोगरा होता, पण आवाज होता. मी त्याला म्हटलं, बोल रे बाबा.

आता आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळेच "पट्टा बंद" म्हणतात. नव्याने आलेल्या पोरींना वाटतं हा लेझरच्या मशीनचाच काहीतरी शब्द आहे. सर्जन अजून विचारतो, कुठला पट्टा ते सांगणार होतात ना? मी हसून टाळते. खरं सांगू का, बाबा, दोनदा सांगायला घेतलं. 'माझे वडील' एवढं म्हटलं, आणि आवाज माझाच बसला.