मध्यावरची बाटली

अप्पा, काल संध्याकाळी तळ्यावरून आले तेव्हापासून हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय. कुंभारीच्या अलीकडचं आपलं तळं आठवतं ना, जिथं ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून तुम्ही दर पंधरवड्याला प्रयोगशाळेसाठी पाण्याचा नमुना आणायला जायचात? तिथं आता एक पिवळी होडी फिरते. तिच्यात माणूस नसतो. ती आपली आपण ठरलेल्या जागी जाऊन थांबते, वायरीचा सेन्सर खाली सोडते आणि पाण्यात प्राणवायू किती आहे ते माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला कळवते. तळ्यात मासे पाळणारे मामा आता काठी घेऊन चालतात. पहिल्या दिवशी ते तिच्याकडे बघत म्हणाले, "बाई, ही बुडाली तर हिच्या घरी कुणी सांगायचं?" तुम्ही असता तर हसला असता.

तुमची रीत माझ्या हातात अजून आहे. बाटली पाण्याखालीच भरायची, बूचही पाण्याखालीच लावायचं, मग उजेडात धरून टिचकी मारायची. "बुडबुडा ऱ्हायला की बाटली खोटं बोलती," म्हणायचात. औषध टाकल्यावर तळाशी तपकिरी साका बसला की पाण्यात प्राणवायू आहे, पाणी चांगलं; पांढरा बसला की पाण्यात जीव नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही तापानं फणफणला होता आणि नमुन्याचा दिवस चुकवायचा नव्हता. "मदलं पाणी आन. काठचं नगं," एवढंच म्हणालात. मला पोहता येत होतं, तरी ट्यूबवर बसल्यावर खालचं हिरवं पाणी बघून मला पुढं जाववेना. मी उतरले, घाटाच्या शेवटच्या पायरीवरून बाटली भरली आणि लेबलावर 'मध्य' असं लिहिलं. साका तपकिरी बसला. ट्यूबवरून तुम्ही कमरेपर्यंत भिजून यायचात; मी घरी आले तेव्हा माझी सलवार गुडघ्यापर्यंतसुद्धा भिजलेली नव्हती. तुम्ही तिकडं पाहिलंत का, हे मला अजून माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं. मामा प्रयोगशाळेच्या दारात येऊन ओरडले, "कागदावर तुमचं पानी लई निरोगी हाय की!" त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, आई भाकरी थापते आहे, मी चटणी वाढते आहे. ताटाकडे बघत तुम्ही आईला सांगता, "साहेब सगळ्यांसमोर म्हनले, काठावर बसून बाटल्या भरता आनि मध्य लिहिता. मी म्हनलो, न्हाय साहेब, मदलंच पानी हाय. मी सोता आनलंय." माझं नावसुद्धा घेतलं नव्हतंत. मी चटणीची वाटी ठेवली आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. पुढं तुम्ही गेलात, मी तुमच्याच प्रयोगशाळेत लागले, पण मासे माझ्यामुळे मेले ही गोष्ट कुणाजवळ बोलले नाही.

गेल्या आठवड्यात त्या वर्षीसारखंच आभाळ होतं, चार दिवस ऊन नाही, पाणी तसंच हिरवं. दुपारचे आकडे चांगले होते. पहाटेचे मात्र रोज खाली जात होते, आणि पाचव्या दिवशी पहाटे होडीनं मध्यावर आणि काठावर, दोन्हीकडं जवळजवळ शून्य दाखवलं. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "व्हय व्हय, पंप लावतो." पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उपसून पुन्हा तळ्यातच उडवत राहिले. थोडे मासे गेले, बाकीचे वाचले. काल मी त्या दिवसांचे अकरा वाजताचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. तुमची नमुन्याची वेळ अकराचीच. दोन्हीकडचे चांगलेच होते; काठ आणि मध्य यांत फरक नव्हता म्हटलं तरी चालेल. म्हणजे अप्पा, मी मध्यावर गेले असते तरी साका तपकिरीच बसला असता. पहाटे पाण्याचा श्वास जातो आणि दिवसा परत येतो, हे आपल्या बाटलीला कधी दिसलंच नसतं. मग चहा मागवला आणि बऱ्याच दिवसांनी तो गरम असतानाच प्यायले.

तरी तुमचा शब्द मी खोटा पाडला, तो कुठल्या आकड्यानं खरा होत नाही. हा कागद तुमच्या नमुन्याच्या लाकडी पेटीत ठेवते, मधल्या बाटलीच्या रिकाम्या खणात.

आणि एक. होडीचा सेन्सर बरोबर आहे का हे बघायला दर पंधरवड्याला एक बाटली हातानं भरावी लागते. ती मी अजूनही पायरीवरूनच भरते. लेबलावर 'काठ' लिहिते.