आत्या, तुला पांढराच ओटा का हवा होता?

माझ्या हट्टी आत्यास,

उद्या सकाळी मुरुगेसन मेस्त्री नवा ओटा बसवायला येणार आहे. तू गेल्याला तीन वर्षं झाली. इतक्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे ती आठवण आली म्हणून नव्हे. मी तुझ्यावर चिडले आहे. घरात बोलावं तर रघू माझा नवरा असला तरी आधी तुझा मुलगा. तुझ्याविरुद्ध चार शब्द त्याला ऐकवत नाहीत. म्हणून ह्या तमिळ मुलखात तूच पाटीवर गिरवून घेतलेल्या बाळबोध अक्षरांत तुलाच लिहिते.

स्वयंपाकघराचं आधी सांगते. ओट्याखालची कपाटं वाळवीने खाल्ली. एक दार हातात निघून आलं, मग दुसरं, आणि मेस्त्री म्हणाला की सगळं फोडल्याशिवाय इलाज नाही. दोन महिने हॉलच्या कोपऱ्यात शेगडी मांडून मी स्वयंपाक करते आहे. सोफ्यालाही आता फोडणीचा वास येतो.

नवं स्वयंपाकघर म्हटलं की बायकांना हौस वाटते म्हणे. मला तर वीट आला! ग्रॅनाइट घ्या, नको, क्वार्ट्झ घ्या. चकचकीत घ्या, नको, मॅट घ्या. दुकानदार तळहाताएवढे तुकडे पुढे टाकतात आणि त्यावरून दहा फुटांचा ओटा डोळ्यांपुढे आणा म्हणतात. लेक मधू कोइंबतूरहून रोज फोटो पाठवते. ज्या स्वयंपाकघरांत कुणी कधी मोहरी तडतडवली नसेल अशी ती स्वयंपाकघरं! आता सगळे मॅट काळाच घेतात म्हणे. रघू तर वर मान करून न बघताच सांगतो, पहिल्यासारखा काळाच घे, डाग दिसत नाहीत.

डाग दिसत नाहीत. बारा वर्षांपूर्वी मीच तुला हे ऐकवलं होतं.

तो दिवस आठवतो का तुला? बायपासजवळच्या ग्रॅनाइटच्या गोदामात आपण तिघं गेलो होतो. तू पांढऱ्या दगडापाशी जाऊन उभी राहिलीस ती हलेचना. पिशवीतून चष्म्याची काळी डबी काढलीस, ती आधी काळ्या दगडावर ठेवलीस, मग पांढऱ्यावर, मग पुन्हा काळ्यावर. दुकानदाराला हसू आलं. मलाही आलं. तू पांढऱ्यावर बोट टेकवून म्हणालीस, "ह्यावर वस्तू कळतात गे, सरू."

बस, एवढंच. मी म्हटलं, हळद सांडली की आठवड्यात पिवळा पडेल. रघूने माझी री ओढली. सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड घरी आला. घरी परतेपर्यंत तू ऑटोत एक शब्द बोलली नाहीस, आणि मला वाटलं, म्हातारीला राग आला.

वस्तू कळतात! हे काय कारण झालं, आत्या? आणखी एक वाक्य बोलली असतीस तर तुझी जीभ झडली असती का?

मग तू त्या ओट्यावर वर्तमानपत्रं पसरायला लागलीस. भाजी चिरायची तरी कागद, कणीक मळायची तरी परातीखाली कागद. मी सकाळी ओटा लख्ख पुसून ओरत्तनाडूची बस गाठायची आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघायची तर त्यावर चिंचेने भिजलेला पेपर चिकटलेला. मला वाटायचं, माझी निवड तू मुद्दाम झाकून ठेवतेस. एकदा मी सगळे कागद गोळा करून तुझ्यासमोर कचऱ्यात टाकले. दुसऱ्या दिवशी तू नवे पसरलेस. भांडं ठेवायच्या आधी दगडावरून हात फिरवायचीस, तेही मला नाटक वाटायचं.

आणि मग ते दूध.

मधूच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. तू शेगडीवरून दुधाचं पातेलं उतरवलंस आणि ओट्यावर ठेवलंस, पण अर्धं ओट्यावर, अर्धं हवेत. सगळं दूध खाली, तुझ्या पायावर. मी धावत आले ते काळजीने नव्हे, खरं सांगते, वैतागाने. माझ्या बापाची बहीण म्हणून लहानपणापासून तुला तू म्हणत आले आणि सून झाल्यावरही ते सुटलं नाही. त्या दिवशी ते फार धारदार निघालं. मी म्हटलं, "तुला जमत नसेल तर बाहेर जाऊन बस."

तू पदराने पाय पुसलास आणि बाहेर जाऊन बसलीस. आठ वर्षं बसलीस!

पुन्हा म्हणून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटात बीन्स चिरून द्यायचीस, पुढे पुढे तेही नाही. नातेवाईक विचारायचे तेव्हा तू म्हणायचीस, आता सुनेचं राज्य, मी आराम करते. मी रुसवा समजले. आणि आज लपवत नाही, मला ते बरंच वाटलं. वीस वर्षांनी स्वयंपाकघर माझं झालं होतं. मीठ कुठे ठेवायचं ते मी ठरवत होते.

आता पंधरा दिवसांपूर्वीचं ऐक.

जुन्या बसस्टँडपाशी माझी स्कूटर उभ्या ऑटोला घासली. डावीकडे ऑटो होता, मला दिसलाच नाही. ऑटोवाल्याने माझ्या वयाचा मान ठेवून जेवढं बोलता येतं तेवढं सगळं बोलून घेतलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, मग यंत्रापुढे बसवून बारीक दिवे दिसतात का ते बघितलं. म्हणाल्या, काचबिंदू आहे. गेली तेवढी नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून राखता येईल. काळ्यावर काळी वस्तू उमजत नाही, पायरीची कड चुकते, असं होतं का, असंही विचारलं. होत होतं. मी ते ट्यूबलाइटवर ढकलत आले होते.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला होता का? मी ठामपणे सांगितलं, कुणालाच नाही.

चिठ्ठी घेऊन मी आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकल शॉपमध्ये गेले. दुकानदाराने बाटली काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अक्का, हे तर पाट्टींचं औषध. त्या दर महिन्याला न्यायच्या."

मी म्हटलं, कुठल्या पाट्टी, कुठली आजी?

तुझंच, आत्या. चिठ्ठी तिरुवैयारुच्या डॉक्टरांची असायची म्हणाला. म्हणजे तू दर दोन-तीन महिन्यांनी गाणं ऐकायला म्हणून तिरुवैयारुला जायचीस ते हे! पुढे चालवेना तेव्हा फुलवालीच्या हाती रिकामी बाटली पाठवून नवी मागवायचीस. मी त्याला विचारलं, एवढी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत? तो बिचारा ओशाळला. तू त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतंस. तू म्हणाली होतीस म्हणे, "घरी कळलं तर मला शेगडीपाशी उभं राहू देणार नाहीत."

मी बाटली हातात घेऊन तिथल्या बाकावर बसून राहिले. बारा वर्षं मागे मागे गेले आणि ती चष्म्याची डबी, ते कागद, तो दगडावरून फिरणारा हात, सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. नजर जाते हे कळलं तर शेगडी सुटेल म्हणून तू गप्प राहिलीस, आणि गप्प राहिलीस म्हणूनच मी तुला शेगडीपासून उठवलं. काय मिळवलंस सांग? कुठे घालत होतीस ते थेंब? न्हाणीघराची कडी लावून? नेम चुकून अर्धे गालावर पडत असतील तेव्हा कुणाला हाक मारावीशी वाटली नाही?

आणि माझं काय? हा रोग रक्तातून येतो, आत्या. तू माझ्या बाबांची सख्खी बहीण. बाबा शेवटी शेवटी उंबऱ्याला अडखळायचे, आम्ही वय झालं म्हणायचो. तू एकदा तोंड उघडलं असतंस तर मी दहा वर्षं आधी डोळे तपासून घेतले असते. माझी डावीकडची नजर आज शाबूत असती. हे मी तुला कसं माफ करू?

एवढी तुझ्यावर चिडले, आणि मी काय केलं माहीत आहे? दहा दिवस कुणाला काही सांगितलं नाही. बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली. थेंब न्हाणीघरात घातले, कडी लावून.

गेल्या रविवारी रघू आणि मी त्याच गोदामात गेलो. मधू व्हिडिओ कॉलवर होती. ती मॅट काळ्यावर अडलेली, रघू चकचकीत काळ्यावर. मी एका फिक्या राखी दगडापाशी उभी राहिले आणि म्हटलं, मला हाच आवडतो. हळद दिसेल, रघू म्हणाला. दिसू दे, मी म्हटलं. हा हॉस्पिटलसारखा दिसतो, मधू म्हणाली. दिसू दे. का पण, दोघांनी विचारलं. मी पुन्हा म्हटलं, आवडतो म्हणून. रघू वैतागला आणि म्हणाला, "तू आता अगदी आईसारखं करायला लागलीस."

दगडाला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "रघू, मला काळ्यावर दिसत नाही. आईलाही दिसत नव्हतं."

तो आधी हसला, कारण त्याला वाटलं मी भांडणात जिंकायला काहीतरी बोलते आहे. मग मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई, मेडिकल शॉप, तिरुवैयारु, थेंब. रघू कापून ठेवलेल्या दगडांच्या थप्पीवर बसला. म्हणाला, त्या दुधाच्या दिवशी तो घरात होता, आणि तोही तुला काही बोलला नव्हता. तुझ्यासाठी त्याच्या डोळ्यांत एवढं पाणी तू गेलीस तेव्हाही मी बघितलं नव्हतं.

मग मधूने सूत्रं हाती घेतली. तुझी नात ती, तेवढीच हट्टी! एरवी माझ्याशी तमिळच बोलते, त्या दिवशी तुटक मराठीत एकेक विचारत गेली, अम्मा, सुरी ठेव बघू, दिसते का? मोहरी? चकचकीत नको, त्यावर दिवा चमकतो. पांढऱ्या क्वार्ट्झचं विचारलं तर मेस्त्रीनेच फोनवर सांगितलं, गरम कढई सोसत नाही. शेवटी फिका राखी ग्रॅनाइट ठरला, खरखरीत हाताला लागणारा, मोठे ठिपके नसलेला. आणि मेस्त्री म्हणाला की पुढच्या कडेला काळी पट्टी लावून देतो, म्हणजे ओटा कुठे संपतो ते कळेल. एवढं सोपं होतं, आत्या. वीतभर रुंदीचीही नाही ती पट्टी. तुझा पाय भाजला नसता.

परवा रघूला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुझाच मुलगा म्हणून मला धाकधूक होती. त्याचे डोळे सध्या ठीक आहेत, दरवर्षी दाखवायचे आहेत. घरी येताना तो स्कूटरवर मागे बसून माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत होता. मी स्कूटर थांबवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. आता ऑफिसला जाताना बसस्टँडपर्यंत तोच सोडतो. मला ते मुळीच आवडत नाही. पण सोडतो. मधूला तर दोन्ही बाजूंनी तुझ्याच घरचं रक्त; तिची तपासणी शनिवारी आहे, मी शुक्रवारच्या गाडीने कोइंबतूरला जाते आहे.

राग गेला का म्हणशील, तर नाही गेला. तुझ्यावरचा थोडा उतरला, माझ्यावरचा तसाच आहे. "बाहेर जाऊन बस" हे मी बोलले ते कुठल्याही दगडाने पुसलं जायचं नाही.

पण एक शब्द देते. थेंब मी रोज संध्याकाळी हॉलमध्ये बसून घालीन, टीव्ही चालू असताना, घरात कुणी पाहुणे असले तर त्यांच्यादेखत. कुणी विचारलं तर रोगाचं नाव सांगेन आणि तो कुणाकडून आला तेही सांगेन. आणि एक दिवस माझ्या हातून पातेलं पडलंच, तर मी बाहेर जाऊन बसणार नाही. मधूला हाक मारीन, रघूला मारीन, आणि दूध पुसायला लावून तिथेच उभी राहीन.

तुझी भाची, तुझी सून, आणि अजूनही चिडलेली,
सरू