वेबसाइटवरचा पतंग

प्रिय वर्षाली,

अंकुश अजून समुद्रपूरले मामाकडेच आहे. दीड महिना झाला. अकरावीची हजेरी बुडून राह्यली, अन् माझ्याशी तो एक शब्द बोलत नाई. भांडण काऊन झालं ते तुझ्या आईनं तुले सांगितलं नसन. मीच नको म्हटलं होतं. फोनवर तू मधातच बोलते, म्हणून कागद घेतला. शेजारचा आदेश उद्या नागपूरले येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो.

पोरांची सिगारेट सोडवणारी तुमची ती वेबसाइट, दिवाळीत तू अंकुशले दाखवली. मित्रांना सांगजो म्हणाली. तो स्वतःच लपूनछपून ओढते, हे आपल्याले कुठं ठाऊक होतं? पोरानं गुपचूप नाव घातलं, ‘पतंग’ म्हणून. वय सोळा, गाव आंजी. नंबर मागितला तिथं माझाच टाकला, कारण घरात नेटवाला फोन तो एकच. ओटीपी आला तसा पुसूनही टाकला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कापसाच्या गाठोड्यावर टेकलो होतो, तर मेसेज आला : पतंग, सिगारेटशिवाय पहिला दिवस कसा गेला?

विचारलं तर अंकुशनं सगळं सांगून टाकलं. माझं डोकंच फिरलं. अंगणात, कापूस वेचाले आलेल्या शकुबाईच्या देखत, त्याले दोन ठेवून दिल्या. माझ्या कानावर तेव्हा बिडी होती. पोरगं रडलं नाई, नुसतं त्या बिडीकडे पाहत राह्यलं. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं गेलं. ओढते म्हणून मारलं असतं तर एक गोष्ट होती. मी त्याले तो सिगारेट सोडून राह्यला म्हणून मारलं गं!

तुमचे मेसेज काही थांबेनात. रोज सहा वाजता आपला पतंग, पतंग. तिसऱ्या दिवशी रागारागात मीच उत्तर दिलं, ‘ओढली.’ खरंच ओढली होती ना! वाटलं आता बोलणी बसतीन. तर उत्तर आलं, काही हरकत नाही, उद्या पुन्हा पाहू. तलफ आली की दहा मिनिटं थांब, पाणी पी. मले असं कोणी बोललंच नव्हतं. तुझी आई तीस वर्षांपासून सांगून राह्यली, पण ती भांडे आपटत सांगते. मग शेताच्या धुऱ्यावर बसून दहा मिनिटं थांबलो. पहिले सात दिवस हरलो. आठव्या दिवशी जमलं.

मागच्या हप्त्यात तू किती खुशीत फोन केलता! म्हणे, बाबा, नंबर आम्हाला दिसत नाही, पण आपल्या आंजीच्या एका पोराचे सिगारेटशिवाय एकतीस दिवस झाले, ऑफिसात मी सगळ्यांना त्याचंच सांगते. बाई, तो पोरगा मी आहो. चौपन्न वर्षांचा. तुझ्या तोंडावर बोलाची हिंमत झाली नाई. तुमच्या कामात माझ्यापायी खोटं शिरलं, ते नीट करून घेजो. अन् नंबर घ्यायच्या आधी फोन कोणाचा आहे, ते विचारत जा.

रविवारी मी समुद्रपूरले जाऊन राह्यलो. चश्मा लावून तुमची अख्खी वेबसाइट वाचली. मित्राले नाही कसं म्हणावं, ते आहे. आईबापाले कसं सांगावं, तेही आहे. बापानं पोराची माफी कशी मागावी, ते कुठंच नाई. माझ्या बापानं कधी मागितली नाई, मग मले कुठून येईन? तेवढं एक पान लिहून टाक, पोरी. रविवारच्या आत.

तुझाच, वाट पाहणारा,
बाबा