बाळंतपणाआधी डोकं थंड

४ नोव्हेंबर, मंगळवार
नौपाड्याच्या काउन्सिलिंगवाल्या रसिका मॅडम बोलल्या, मालनताई, राग आला की लिहीत जा, कोणी वाचणार नाही. चौथी शिकलेली मी. तरी लिहिते, कारण पोरीने अट घातलीय. प्राचीला आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, जगाची रीत. ही बोलते, आई, आधी काउन्सिलिंग करून डोकं ताळ्यावर आण, तरच कळव्याला येईन. नाहीतर डोंबिवलीत सासूकडेच राहीन, आणि बाळाला तुला हात लावू देणार नाही.

मला! बाळंतिणीला मालिश करावी तर मीच, हे अख्ख्या कळव्यात कोणालाही विचारा. निम्मी पोरं माझ्या पायांवर आंघोळ करून मोठी झाली.

आणि झालेलं काय, तर डोहाळजेवणात फोटोवाला प्राचीला सारखा नाचवत होता. धनुष्यबाण धरा, मान तिरकी करा, पोटावर हात ठेवा. मी ते धनुष्य घेतलं आणि त्याच्या पाठीत तोडलं. फुलांचंच होतं. आत बांबू घातला तो डेकोरेशनवाल्याने, त्यात माझा काय दोष?

महिन्यात थंड होऊन दाखवते. बर्फ.

७ नोव्हेंबर
मॅडमनी शिकवलं, राग आला की आधी लांब श्वास घ्यायचा. आज रिक्षावाला बोलला, मावशी, कळवा नाय जाणार. लांब श्वास घेतला. मग ठेवून दिली.

फरक आहे हां. श्वास घेतल्यावर हात सरळ बसतो, खांदा दुखत नाही. मॅडमचं शिक्षण वाया नाही गेलं.

११ नोव्हेंबर
मॅडम बोलल्या, राग अंगात पण साठतो. मानेत, पाठीत. बोलण्याबरोबर बॉडीवर्क करा. म्हणजे मालिशच की! मला मालिशला पाठवतात.

गेली. एसी खोली. पाणी वाहिल्याचा आवाज, पाणी कुठेच नाही. एक पोरगी पाठीवरून असा हात फिरवत होती जसा ओल्या रंगाला लावतात. वर विचारते, प्रेशर ठीक आहे ना मॅम? मी उठली, तिलाच आडवी केली, कमरेत गुडघा घातला आणि बोलली, याला प्रेशर म्हणतात. खट्ट झालं. खट्ट म्हणजे मोकळं झालं. तर किंचाळली. मालक धावत आला, त्याच्या पण खांद्याला थोडं दाखवलं.

परत येऊ नका बोलले. एका फेरीत कोर्स संपला. प्राचीला मेसेज केला, बॉडीवर्क पूर्ण.

१४ नोव्हेंबर, दुपारी
मला एक सुचलंय. मॅडम नुसतं बोलतात. ती पोरगी नुसती चोळते. दोन्ही एकत्र कोणी करत नाही. मी करीन.

पहिला पेशंट नवरा. धाकू. (नाव लिहिते, इथे कोण ऐकतंय.) पालथा पाडला, तेल ओतलं, हात पिरगळून पाठीवर घेतला आणि बोलली, बोल, मनातलं बोल. तो बोलला, मनात काय नाय गं, सोड. म्हणजे आहे! अजून पिरगळला. मग तोंड सुटलं. बोलला, तू प्राचीला लाटण्याने मारायचीस तेव्हा मी गच्चीवर जाऊन उभा राहायचो, अजून तिचा आवाज कानात येतो.

काहीतरीच. लाटणं हलकं होतं. आणि आता तिला स्वतःला पोर होतंय, अजून तेच?

मी जरा जोरात दाबलं असेल.

१५ नोव्हेंबर
धाकू आरामाला शीळफाट्याला गेला, भाऊ विठ्ठलकडे. हात गळ्यात बांधून. मन मोकळं झालं की माणूस थकतो, मॅडमच बोललेल्या.

२१ नोव्हेंबर
मॅडमनी आज विचारलं, तुमची आई कशी होती? बोलली, चांगली होती. चुलीतलं लाकूड घेऊन मारायची, म्हणून तर सरळ वाढली मी. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग एक उशी दिली. बोलल्या, डोळे मिटा, समोर जो येईल तो येऊ दे, आणि मारा.

मारलं. उशी फाटली. कापूस पंख्यात गेला, बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. मॅडम हळूच बोलल्या, कोण होतं समोर? मी बोलली, शिलाई कच्ची आहे तुमची.

कोण होतं ते इथे पण लिहिणार नाही.

बरी झाली मी. नक्की. आता जायची गरज नाही.

२४ नोव्हेंबर
प्राचीचा फोन. बोलली, बाबा कुठे आहेत? मी बोलली, शीळफाट्याला, हवापालटाला. बोलली, आई, शीळफाट्याला हवापालट? तिथे ट्रकशिवाय काय आहे? मग बोलली, विठ्ठलकाकांनी सगळं सांगितलं.

मी लांब श्वास घेतला. तिने फोन ठेवला. मी पण ठेवला, भिंतीवर. काच गेली.

१ डिसेंबर
येईल. डोकं गरम असतं गरोदरपणात, माझ्यावर गेलीय. मी तयारी केली. जुन्या साड्या फाडून दुपटी केली. डिंकाचे लाडू वळले, शेगडी घासली.

तर बाजारात कळलं, प्राचीची सासू शांताबाई, तिने डोंबिवलीतच मालिशवाली ठरवली. कोण? मेघाली! मी शिकवलेली. माझ्या हाताखाली दोन पावसाळे काढलेली. लगेच तिला फोन लावला, बोलली, माझ्या नातवंडाला हात लावलास तर मनगटं मोडून हातात देईन. ती शांतपणे बोलली, ताई, तुमचंच सगळं शिकले. फक्त चापट तेवढी सोडून दिली.

लाडू होते तेवढे भिंतीवर फेकले. मग वेचले. धुळीचे खालचे काढून बाकीचे डब्यात ठेवले. ती येईल.

१४ डिसेंबर, रविवार
मुलगी झाली. मागच्या आठवड्यात, सिझर. जावई प्रणितने आज कळवलं. बोलला, आई, बघायला या, पण... पणच्या पुढे मी ऐकलं नाही. थेट डोंबिवलीला रिक्षा केली.

मेघाली पाय पसरून बसलेली, बाळ तिच्या पायांवर. पाणी जरा कोमट वाटलं. मी बोलली नाही. ठरवलेलं, एक शब्द काढायचा नाही. प्राची बाजूला स्टुलावर. धाकू पण तिथेच, हात अजून गळ्यात. बाळ रडायला लागलं. टॉवेल माझ्या डोक्यावरच्या दोरीला होता. काढायला हात वर केला. नुसता टॉवेल.

प्राची स्टुलावरून खाली येऊन बाळावर वाकली. टाके कच्चे, तरी. डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात ओढलेली. लहानपणी ओढायची तशीच.

टॉवेल धाकूने काढला, चांगल्या हाताने.

शांताबाईने चहा दिला. मी भिंतीला टेकून खाली बसली. कप दोन्ही हातांनी धरला, सगळ्यांना दिसेल असा. चहा थंड झाला. तरी धरून होती.